हिंगलाजचा बंदोबस्त

चार महिन्यांपूर्वी कराचीहून अन्वरचं पत्र आलं होतं : 'कमलाकर, तुझ्या कुलदेवीला, इथल्या बलुचिस्तानातल्या हिंगलाजला नेतो. आमचं सरकार यात्रेकरूंना बोलावतंय, सोबत सहा पोलीसही देतंय.' लंडनजवळच्या वॉटफर्डच्या लायब्ररीतल्या या जुन्या सोबत्याला कमलाकररावांनी उत्तर धाडलं नव्हतं. बंदुकांची भीती होतीच, पण सहा परक्या माणसांशी दिवसभर बोलायचं काय, ही धास्ती मोठी होती. आज वॉटफर्डच्या बसमध्ये पुढच्या सीटवरचं मराठी जोडपं हिंगलाजवरूनच हुज्जत घालत होतं.

"अगं, इथलं फॉरिन ऑफिस तिकडे जाऊ नका म्हणतंय."

"कुलदेवी काय फॉरिन ऑफिसची आहे?"

"सहा बंदूकवाले बरोबर असतात!"

"सहाच ना? मग सात नारळ पुरे."

"पोलिसांना नारळ?"

"देवीची ओटी भरायची आणि सोबतच्यांना प्रसाद नाही द्यायचा?"

"ते ड्यूटीवर असतात, सुचेता."

"तुळजापूरला माझी चप्पल गेली, तेव्हा होतं का कुणी ड्यूटीवर?"

"इन्शुरन्स मिळणार नाही."

"चपलेचा?"

"आपला!"

"मग तुम्ही बसा घरी. मी जाते त्यांच्याबरोबर. फोटो तरी सरळ काढतील."

"...माझंही तिकीट काढ."

कमलाकरराव पुढच्याच स्टॉपला उतरले आणि पोस्ट ऑफिसात उभ्याउभ्या लिहू लागले : 'अन्वर, येतो. पोलिसांशी बोलायचं तेवढं तू बघ.' मग विचार बदलायच्या आत त्यांनी पाकीट लाल पेटीत टाकलं.