दगड आधी, वाळू नंतर

रविवार, सकाळचे सव्वाअकरा, आमची बैठकीची खोली. चार फुटी काचेच्या टाकीत खारं पाणी, पाण्यात मी रचलेली दगडी कमान, आणि कमान डावीकडे बोटभर कललेली. आता तुम्हाला सांगतो, तीस वर्षं बातमीदारी केली मी, खचलेल्या पुलांवर रकाने भरले, पाया का पाहिला नाहीत म्हणून कंत्राटदारांना भर सभेत घाम फोडला... आणि स्वतः काय केलं? आधी मऊ वाळू पसरली आणि तिच्यावर दगड रचले! अ‍ॅक्वेरियमवाला फोनवर म्हणतो कसा, "काका, दगड आधी, वाळू नंतर. दगड तळाच्या काचेवर टेकायला हवा. तुमचा झिंगा खालची वाळू उपसतोय."

झिंगा म्हणजे बायकोचा लाडका, बोटाएवढा, आणि त्याचं बीळ थेट कमानीखाली. त्याला धड दिसत नाही, म्हणून एक चिमुकला मासा दाराशी पहारा देतो, झिंग्याची मिशी सतत त्याच्या अंगावर, धोका दिसला की मासा शेपूट हलवतो आणि दोघंही आत. इतकं एकमेकांचं ऐकणं आमच्या संसारात एक दिवस झालेलं नाही!

बायको म्हणाली, "अहो, तो दबला ना, तर दगडांबरोबर तुम्हालाही दुकानात परत देऊन येईन."

"मग उचलू का कमान?"

"उचला. आणि पाडा त्याच्या डोक्यावर."

अ‍ॅक्वेरियमवाला चारला येणार, तोवर हात लावायचा नाही. बसलो खुर्ची टाकून. झिंगा वाळू ढकलत बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर... चहा नाही, सुट्टी नाही, डोक्यावर माझं बांधकाम, आणि मी आ वासून बघतोय. दगड आधी, वाळू नंतर, हे त्याला कोण सांगणार? जेवायला तेवढा वीस मिनिटं उठलो.

चारला अ‍ॅक्वेरियमवाला आला, बाह्या सरसावल्या, कमान दाबली. हलेना. पुन्हा दाबली. मग टॉर्च मारून म्हणाला, "उगाच बोलावलंत, काका. पाचर तर झकास बसवलीय."

कसली पाचर? वाकून पाहिलं, तर कमान कलली होती नेमकी तिथेच, फटीत, सुपारीएवढा चपटा दगड, घट्ट. बायकोला विचारावं, तर त्या वीस मिनिटांत ती माझ्यासमोरच जेवत होती. टाकीचं झाकण बंद, टॉवेल कोरडा. झिंग्याकडे पाहिलं, तर तो आत निघून गेला.

कमान उभी आहे. पाचर कुणी बसवली, याचा खुलासा अजून कुणीही केलेला नाही.