टपावरची सावली

(काठी गावाबाहेरचं मोकळं शेत. होळीला दोन दिवस. टपावर सोलर पॅनल बसवून आत झोपायची, राहायची सोय करून घेतलेल्या गाडीच्या पायरीवर प्रेमचंद आणि त्यांची बायको जसोदाबाई. मुलगा हेमकांत नाशिकहून फोनच्या स्पीकरवर.)

प्रेमचंद : सावली नही म्हणी ऱ्हायनू ना तुले. आजूबाजूले झाड नही, भिंत नही. मन्ही टाळू भाजी ऱ्हायनी आठे.

हेमकांत : मग बॅटरीचं मीटर एवढं कमी दाखवणारच नाही, आप्पा. खरं सांगा, मोहाखाली लावलीय ना गाडी?

प्रेमचंद : मी खोटं बोली ऱ्हायनू का?

हेमकांत : खोटं नाही हो. पण तुम्ही जन्मात कधी गाडी उन्हात लावली नाही. ट्रॅक्टरसुद्धा लिंबाखाली. सवयीनं लावली असेल.

जसोदाबाई : हेमू, त्यासनी गाडी उन्हामाच लायेल शे. तू सांगं तशीच. सवता देखं मी.

हेमकांत : मग सकाळपासून बॅटरी भरायला हवी होती. काल भरली होती ना?

प्रेमचंद : काल चांगली भरनी. आज आम्ही बाजारमा गऊत, परत उनूत तं हाई अशी. तुन्हं फिटिंगच कच्चं शे. मी पहिलेच म्हणेल व्हतं.

हेमकांत : फिटिंग मी स्वतः तपासलंय. टपावरचे पॅनल एकामागे एक जोडलेत, त्यामुळे एकावर सावली आली की बाकीच्यांचंही काम अडतं. त्याला झाडच लागतं असं नाही. वाळत घातलेला टॉवेलसुद्धा पुरतो.

प्रेमचंद : म्हणजे जोडीमातला एक बैल बठना की दुसरा बी उभा.

हेमकांत : तसंच समजा. आई, तू वर काही वाळत घातलंस का?

जसोदाबाई : या गुडघा लईसन मी टपवर चढसू का रे? कपडा खाले दोरीवर शेत.

प्रेमचंद : ते जाऊ दे. मले एकच सांग. आज रातले तिन्हं श्वासनं मशीन चाली का?

हेमकांत : आहे तेवढ्यावर... अर्धी रात्र. पुढचं सांगता येत नाही.

प्रेमचंद : मंग आवर, जसोदा. उजेड शे तवलोंग घाट उतरसूत. रातले घरना बिछानावर झोपशी.

जसोदाबाई : मी येत नही.

प्रेमचंद : आयकं ना तो काय म्हणना ते?

जसोदाबाई : आयकं. दोन वरीस झायात, कालनी सोडी तं मन्ही एक रात घरबाहेर नही गई. बहीणनी पोरनं लगीन व्हतं, तठून बी सांजले परत उनूत. हाई गाडी मन्हासाठेच करी ना तुम्ही? कौसा आपला केळीना बागमा कामले येत व्हती, तवपासून सांगस, बाई, एकदाव आमनी होळी देखाले ये. आत्ते दोन दिवस ऱ्हायनात, आन मी पाठ फिराऊ?

प्रेमचंद : होळी पुढला वरीसले बी येई.

जसोदाबाई : होळी येई. मी ऱ्हासू का, ते कोण सांगी?

प्रेमचंद : असं बोलू नको. मले भीती वाटस, जसोदा. तुन्हा श्वास थांबना व्हता ती रात मन्हा डोकामातून जात नही. हलाई हलाई उठाडं व्हतं तुले. आठे डोंगरमा तसं झायं तं मी कोनले हाक मारू?

हेमकांत : आई, आप्पांचं ऐक. मी पुढच्या वर्षी स्वतः घेऊन येईन तुला.

कौसाबाई : (गावाकडून येत) कोणाला घेऊन येणार? कोण चाललं? मी भाकर आणली, उडदाची डाळ आणली, आणि तुम्ही दोघं तोंड पाडून बसले.

जसोदाबाई : ये, कौसा. बस.

कौसाबाई : बसते. तू आधी सांग, गाडी आतून थंड लागते का आता?

जसोदाबाई : लागस ना. सकायपेक्षा बरी लागस.

कौसाबाई : लागणारच. तुम्ही बाजारात गेले, मी माझ्या वीरसिंगला वर चढवला. तट्ट्या टाकल्या टपावर. नव्या, बांबूच्या. वरून आंब्याचा पाला. पत्रा तव्यासारखा तापला होता. माझी पाहुणी त्यात भाजून निघेल का?

प्रेमचंद : टपवर तट्ट्या टाक्यात?

हेमकांत : आप्पा, काय म्हणाल्या त्या?

प्रेमचंद : तू थांब जरासा. कौसाबाई, वर त्या काया काया काचा शेत, त्यासवर बी टाक्यात का?

कौसाबाई : अर्ध्यांवर टाकल्या. बाकीच्यांना पुरल्या नाहीत. वीरसिंग म्हणत होता, आये, सोलर आहे, झाकू नको. मी म्हटलं, दिव्याचं काय एवढं? एक रात्र दिवा नसला तर जसोदा भिणार आहे का?

हेमकांत : सापडलं. आप्पा, सापडलं.

प्रेमचंद : आन आम्ही खालूनच बोंबली ऱ्हायनूत. वर कोणी देखंच नही.

कौसाबाई : काय चुकलं माझं?

जसोदाबाई : तुन्हं काही नही. मन्हंच चुकनं. ती वीज दिवासाठे नही, कौसा. झोपमा मन्हा श्वास थांबस. नाकले नळी लाईसन, मशीन चालू करीसन झोपनं पडस मले.

कौसाबाई : आणि हे मला सांगितलं नाही?

जसोदाबाई : लाज वाटनी. तू मले बागमा घड उचलतांना देखेल शे. तुन्हाम्होरे आजारी दिसानं नव्हतं.

कौसाबाई : वेडी आहेस. मी काय तुला घड उचलायला बोलावलं? वीरसिंग, ए वीरसिंग. तट्ट्या काढ रे खाली. पाला पण झाड, पान राहू देऊ नको.

प्रेमचंद : राग नको मानू, कौसाबाई. तू मायानं करं, आन आम्ही काढाले लावी ऱ्हायनूत.

कौसाबाई : राग कशाला? गाडीला ऊन पाहिजे, तर राहू दे तिला उन्हात. तुला नको ना ऊन? तट्ट्या इथं चार बांबूवर टाकू. खाट आणते मी. भाकर खा, पड तिच्यावर.

हेमकांत : आप्पा, वरचं सगळं निघालं की काच एकदा पुसून घ्या. आणि मग आकडा सांगा.

प्रेमचंद : पुसं रे, वीरसिंगनी पुसं. आकडा चढी ऱ्हायना. देख, बोलता बोलता आखो चढना.

हेमकांत : वाचा बघू... बास. ऊन असंच राहिलं तर मशीन रात्रभर चालेल, आणि सकाळी वर उरेल.

प्रेमचंद : मन्हा जीव भांडामा पडना, हेमू.

हेमकांत : मी उगाच तुमच्यावर संशय घेतला.

प्रेमचंद : मी तुन्हा फिटिंगवर लिधा. फिटंफाट झायी.

जसोदाबाई : मंग? घाट कवय उतरानं?

प्रेमचंद : होळी देखीसन उतरसूत. आत्ते भाकर दे मले. सकायपासून घास नही उतरना घशाखाले.

हेमकांत : (थोड्या वेळानं, पुन्हा फोनवर) आई, पुन्हा फोन केला. आप्पांना दे ना, एक सांगायचं राहिलं.

जसोदाबाई : मांगून सांग. कौसानी खाटवर झोपी गयात ते.

हेमकांत : भरदिवसा? आप्पा दिवसा कधी झोपत नाहीत.

जसोदाबाई : रातले बी कोठे झोपतस? मशीन चालू ऱ्हास, तरी मन्हा श्वास आयकत पडेल ऱ्हातस. त्यासले वाटस, मले माहीत नही.

हेमकांत : दोन वर्षं?

जसोदाबाई : हळू बोल रे. कसा घोरी ऱ्हायनात देख. ठेव आत्ते फोन, उठतीन.