ॲपातली आठ तारीख

सात जूनची सकाळ, तरी कडक ऊन. तंजावरजवळच्या तिरुवैयारूहून शास्त्रीबुवांचा फोन आला. “उद्या तुमच्या अप्पांच्या श्राद्धाला येतो.”

“उद्या कसं? मी तुम्हाला बोलवायच्या ॲपात नऊ तारीख भरली.”

“इथं आठ दिसते. नऊला मी दुसऱ्या श्राद्धाला पापनाशमला जातोय.”

ॲप अमेरिकेतल्या माझ्या भाच्यानं, रघूनं केलेलं. त्याला फोन लावला.

“मामा, तुमचंच बोट चुकलं असेल.”

“हे बोट तीस वर्षं रोज तारीख लिहितंय! तुझ्याकडे आज किती तारीख?”

“सहा.”

“इथं सात. मग माझी तारीख तुझ्या घड्याळानं का मोजलीस? श्राद्ध हलणार नाही, ॲप बदल.”

रघूनं ॲपात प्रत्येक तारखेमागे लपलेली अमेरिकेची वेळ काढून टाकली. सगळ्या नोंदी, पापनाशमचीही, एक दिवस पुढे सरकल्या. शास्त्रीबुवा नऊला आमच्याकडे आले, दहाला पापनाशमला गेले.