उजव्या गुडघ्याचा निरोप

ढम्म! आणि मग कावळे.

आवाज आधी सांगितला, मानपान मागून. माझ्या वयाला एवढी उलटापालट माफ असावी. नरसिंगरावांच्या उजव्या पायातून चेंडू सुटला की असाच आवाज यायचा. मृदंगाच्या कणीक लावलेल्या बाजूवर थाप पडावी, तसा. आणि कापसातली सरकी काढणाऱ्या आपल्या जिनाच्या आवारातल्या कडुनिंबावरचे झाडून सगळे कावळे एकदम उठायचे. समोर शाळेच्या खिडकीत मी मुलांना आर्या म्हणायला शिकवीत असे. मुलांच्या आधी माझेच लक्ष त्या कावळ्यांबरोबर उडून जाई.

आता रीतीने बोलतो. जनाबे सदर, म्हणजे आजचे अध्यक्ष, जिल्ह्याचे तालुकदारसाहेब. आमचे तरुण मालक सुधाकरराव. आजचे सत्कारमूर्ती नरसिंगराव आणि त्यांच्या शेजारी शालीची घडी पुन्हा पुन्हा घालीत बसलेल्या सौभाग्यवती दमयंतीबाई. सभेला परवानगी देऊन वर ती ऐकायलाही आलेले पोलिसांचे अमीनसाहेब. आणि या रुईच्या गोदामात गठ्ठ्यांवर, पायऱ्यांवर, जागा सापडेल तिथे बसलेल्या सभाजनहो! सर्वांना या निवृत्त मराठी मास्तराचा नमस्कार. परवानगीच्या अर्जात सभेचा हेतू ‘एका इसमाला निरोप’ असा लिहिला आहे. मी त्याच्या बाहेर जाणार नाही. इसमाच्या आत मात्र जाईन.

तुमच्यातल्या तरुणांना नरसिंगराव माहीत आहेत ते काट्यावरचे. हातात काठी, उजवा पाय जरासा मागे रेंगाळतो, कापसाची गाडी काट्यावर चढली की मान तिरकी करून वजन पाहतात. पण हे गृहस्थ या जिनात कारकून म्हणून आलेच नाहीत. ते आले सेंटर फॉरवर्ड म्हणून. साहेबाला खूश करायचे तर फळफळावळीची डाली पाठवावी, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या वेळच्या तालुकदारसाहेबांना फुटबॉलचा भारी शौक. तेव्हा सुधाकररावांचे वडील, आमचे थोरले मालक भगवंतराव, यांनी डालीऐवजी फुटबॉलचा संघच पाठवला. हे मी त्या वेळच्या तालुकदारसाहेबांविषयी बोलतो आहे, जनाब. आताच्या साहेबांना कसला शौक आहे, हे अजून गावाला कळलेले नाही, आणि तोच गावाचा मोठा घोर आहे.

तर खेळाडू आणायचे म्हणजे करार आला. खेळाडूचा करार ही मोठी काव्यमय वस्तू असते. पहिल्या ओळीत पाय, शेवटच्या ओळीत पोट, आणि मधल्या सगळ्या ओळी वकिलाच्या. आमच्या जिनाचा करार दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. तेवढे दिवस राहायला खोली, प्यायला दूध, पायात बूट आणि नावापुरती कारकुनी. होळी पेटली की खेळाडू मोकळा. पुढच्या दसऱ्याला बोलावतील तर बोलावतील.

या एवढ्यासाठी नरसिंगरावांनी काय सोडले? जंगलखात्यातली नाकेदाराची कायम नोकरी सोडली! त्यांचे वडील नेरडीगोंड्याहून चालत इथे आले आणि जिनाच्या फाटकात सगळ्यांदेखत लेकाला म्हणाले, “काऊन रे, बाजारात बैलाचे पाय पाहून घेतेत, तसंच घेतलं का तुले बी? अन् पाय गेल्यावर बैलाचं काय करतेत, ठाव हाय ना?”

नरसिंगराव तेव्हा तरुण होते, उत्तर देण्याच्या वयाचे. म्हणाले, “बैल गोल करत नाही, बाबा.”

म्हातारा म्हणाला, “म्हणूनच त्याले जास्त दिवस ठेवतेत.”

काय चुकीचे बोलला हो तो?

पण ही बोलणी फाटकातून तालुकदारसाहेबांच्या कानी गेली. त्यांनी भगवंतरावांना बोलावून सांगितले, “जिसका पाँव खेल में टूटे, उसे सड़क पर मत डालना.” आता साहेबांचा शब्द म्हणजे हुकूम. वकिलाने करारात एक कलम वाढवले: जो खेळाडू खेळताना जायबंदी होईल, तो ‘ता-सेहत’ म्हणजे पूर्ण बरा होईपर्यंत जिनाच्या खोलीत राहील, आणि जिनाने त्याला बसून करण्याजोगे काम द्यावे. भगवंतरावांनी हसत सही केली. गुडघ्याला बरे व्हायला किती दिवस लागतात? होळीच्या आत सगळे नीट. असे त्यांना वाटले. वकिलालाही वाटले. त्या दोघांनी नरसिंगरावांचा गुडघा अजून पाहिला नव्हता.

आता खेळाविषयी. मी कवितेचा माणूस, मला नियम कळत नाहीत. पण नरसिंगराव चेंडू घेऊन निघाले की ते भुजंगप्रयात असे, एवढे मला कळत होते. अंगात तोच झोका, वळणावर तेच सळसळणे. समोरच्याला वाटावे डावीकडे जाईल, तोवर हे उजवीकडून केव्हाच पुढे. आणि निर्मळच्या संघात होता डोमाजी. हा साक्षात मंदाक्रांता! हळू पाऊल टाकायचा, पण टाकले की टाकले. अनवाणी खेळायचा तो. ढालीच्या सामन्यात हे दोन छंद एका ओळीत आले. पुढचे मी सांगत नाही. दमयंतीबाई समोर आहेत. एवढेच सांगतो की खाटेवरून नेले तेव्हा नरसिंगरावांचा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता आणि ओरडत मात्र डोमाजी होता.

दुसऱ्या दिवशी डोमाजी सीताफळांची टोपली घेऊन खोलीवर आला. मी तिथेच होतो. म्हणाला, “भाऊ, म्या तं बॉलच पाहून राह्यलो होतो. मधात तुमचा गुडघा आला.”

नरसिंगराव कण्हत म्हणाले, “गुडघा माझा, तो कुठे परगावी गेला नव्हता. रोज तिथंच असतो.”

मग दोघांनी मिळून टोपली संपवली. खेळाडूंचे राग असे असतात. असे राग आम्हा साहित्यप्रेमी मंडळींत असते तर काय हवे होते?

होळी आली. दहा धडधाकट खेळाडू आपापली ट्रंक उचलून गेले. त्यातला व्यंकटेश तर वाऱ्यासारखा पळायचा. सबंध हंगामात एक ओरखडा नाही अंगावर, म्हणून त्याला निरोप. तो बेज्जूरच्या रानात लाकडांवर खुणा करायच्या कामाला लागला, असे मागून कळले. जाताना नरसिंगरावांच्या खाटेशी येऊन म्हणाला, “यार, थोडंसं मले बी लागलं असतं तं!” सभाजनहो, ज्या धंद्यात माणूस दुसऱ्याच्या मोडलेल्या पायाकडे असूयेने पाहतो, त्या धंद्याला शौक म्हणावे की जुगार, हे तुम्हीच ठरवा.

अकरावा राहिला, ता-सेहत. दर दसऱ्याला हकीमसाहेब येत. “चलो,” म्हणत. नरसिंगराव चालत. हकीमसाहेब मान हलवीत, “अभी नहीं.” असे दसरे येत गेले. नरसिंगराव काटा शिकले, सचोटीने वजने केली, लग्न झाले, खोलीला ओसरी निघाली, ओसरीपुढे दमयंतीबाईंनी जाई लावली. मुली तिथे जन्मल्या आणि तिथूनच सासरी गेल्या.

आता वाईट जिभेचे लोक गावोगाव असतात. ते म्हणतात, पाय केव्हाच बरा झाला. म्हणे लग्नाच्या वर्षी नरसिंगरावांनीच बायकोच्या कानात सांगितले, “अवो, मी बरा झालो.” आणि म्हणे दमयंतीबाई म्हणाल्या, “हळू बोला. घर जाईल.” मी या कंड्यांवर विश्वास ठेवीत नाही. कुणीतरी मला असेही सांगितले की रुईच्या ढिगाला आग लागली तेव्हा बादली घेऊन सर्वांत पुढे हेच पळत होते. थोरले मालक तिथे हजर होते. कुणीतरी त्यांना म्हणाले, “मालक, पाहा, तो पळून राह्यला!” मालक डोळे चोळत म्हणाले, “धुरात मले काईच दिसत नाई.” थोरल्या मालकांना दिसले नाही, तिथे मी कोण? आता काही नतद्रष्ट असेही म्हणतात की जायबंदी खेळाडूच्या भावात इतका चांगला काटेवाला मिळत असताना कोणता मालक डोळे चोळणार नाही! तेही मी ऐकून सोडून दिले.

छंदाचा मास्तर म्हणून मात्र एक शंका मला वर्षानुवर्षे छळते, ती बोलून टाकतो. लंगडणे म्हणजे चालीतला यतिभंग. आणि खरा यतिभंग कुठेही, कसाही होतो. नरसिंगरावांचा मात्र दर ओळीत ठरलेल्या जागी, मात्रेला मात्रा धरून होतो. असो. ही शंका साहित्यिक आहे, तिचा कुणी कचेरीत उपयोग करू नये.

पण एक गोष्ट मी या दोन डोळ्यांनी पाहिली आहे, ती कंडी नव्हे. आमच्या शाळेची मुले आवारात खेळत. चेंडू कधीकधी घरंगळत काट्यापाशी यायचा, अगदी नरसिंगरावांच्या बुटाशी. मुले ओरडायची, “काका, मारा ना!” समोर मोकळे मैदान, वर कडुनिंब, कावळे जागेवर. नरसिंगराव त्या चेंडूकडे पाहायचे. मग काठी खाली ठेवायचे, वाकायचे, चेंडू दोन्ही हातांनी उचलायचे आणि मुलांना नेऊन द्यायचे. दर वेळी हातांनी. ज्याला सबंध काव्य पाठ आहे आणि ओठ मिटून बसायचे आहे, त्याचे दुःख मला कळते. लोक म्हणतात, या माणसाला खोली फुकट मिळाली. मला नाही तसे वाटत.

असो. आज शाल दिली, नारळ दिला. सुधाकररावांनी फार सौजन्याने सांगितले की वयोमानाप्रमाणे नरसिंगरावांनी आता विश्रांती घ्यावी, आणि महिनाअखेर खोली नव्या इंजिनवाल्यासाठी रिकामी करावी. इथे मला एक अडचण दिसते, जनाबे सदर. नोकर वयाने निवृत्त होतो, हे मान्य. पण हे नोकर कुठे आहेत? हे जायबंदी खेळाडू आहेत. जायबंदीपणातून माणूस कोणत्या वयात निवृत्त होतो? म्हातारपणाने गुडघे बरे होतात, असे कोणत्या हकिमाने लिहून ठेवले आहे? करार उभयपक्षी जिवंत आहे. सेहत होईपर्यंत खोली यांची. या वयात हे दोघे जाईचा वेल खांद्यावर घेऊन कुठे जाणार?

काय म्हणालात, सुधाकरराव? बोला, बोला, सभा आपलीच आहे.

सुधाकरराव म्हणताहेत, “मास्तर, ते ठणठणीत आहेत. सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

ठाऊक असणे वेगळे, पाहणे वेगळे, मालक. सभाजनहो, नरसिंगरावांना धावताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी हात वर करावा... आगीच्या वेळचे चालणार नाही, तेव्हा धूर होता... पाहा, जनाब. सगळे हात मांडीवर. मागच्या बाजूला एक वर गेला होता, पण त्या बाई डोक्यावरचा पदर सारखा करीत होत्या.

तालुकदारसाहेब फर्मावतात, “एक भी गवाह मिल जाए, तो कमरा ख़ाली. नहीं तो करार क़ायम.” ऐकलेत? यापेक्षा न्याय तो कोणता? सुधाकररावांनीही मान डोलावली आहे. साक्षीदार एकही नाही. मग आता मी फार लांबवीत नाही.

सभेला परवानगी देणाऱ्यांचे, गोदाम झाडून देणाऱ्यांचे, सतरंज्या आणणाऱ्यांचे आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याचे पाल्हाळ जांभई दाबून ऐकणाऱ्यांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. बोलताना कुठे मात्रा वाढली असेल, कुठे कमी पडली असेल, कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, तर पोक्त मनाने सांभाळून घ्यावे, आणि या...

कोण आहे दारात? उजेडामुळे चेहरा दिसत नाही. जरा वाट द्या त्यांना. अरे! थोरले मालक? भगवंतराव! अहो, हे तर गेल्या पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेले! एकटेच कसे आले? कुणीतरी हात द्या! उंबरा उंच आहे, उंबरा! अहो, तोल गेला, धरा त्यांना, धरा...

नरसिंगराव!

...धरले. सांभाळले.

सभाजनहो, शांत राहा. व्यासपीठावरून दारापर्यंत जे काही गेले ते... ते फार वेगाने गेले, म्हणून नीट दिसले नसेल. काठी इथे माझ्यापाशी पडली आहे. जनाब, आपण उभे का राहिलात? बसावे, बसावे. दमयंतीबाई, डोळे पुसा.

थोरले मालक काही बोलताहेत. आवाज क्षीण आहे. मागच्यांना ऐकू जाणार नाही, म्हणून मी सांगत जातो. नरसिंगरावांच्या खांद्यावर रेलून ते विचारताहेत, “काऊन धावला रे, येड्या? पाय पुना गेला ना?”

नरसिंगराव आपल्या दोन्ही पायांकडे पाहताहेत. अहो, बोला काहीतरी!

“गेला, मालक,” म्हणताहेत. “लै दुखून राह्यला.” आणि मालकांना गठ्ठ्यावर टेकवून, गुडघा धरून खाली बसले.

सुधाकरराव ओरडताहेत, “बाबा, तो डावा आहे! लागला होता उजवा!”

थोरले मालक म्हणताहेत, “मंग लिव्ह, दोन्ही गेले.”