इनासच्या पॅराशूटची मापं

चहा घ्या, न आमच्या भुईगावच्या फिलूबायचं ऐका. तिचा इनास दुबईला कामाला होता. तिकडं त्याला इमानातून उडी मारायचा नाद लागला. सुटीवर आला तेव्हा पहिलं सोताचं पॅराशूट मागवत होता. ते अंगाला पट्ट्यांनी बांधतात, म्हनून मापावर शिवून येतं.

मला इचारतो, "काका, रंग कंचा घेऊ?"

"लाल घे. केळीच्या वाडीत पडलास तर सापडशील."

फिलूबाय तापली. "तुमच्या जिभेला हाड नाय. आन दोन-दोन छत्र्या कशाला रे इनास?"

"आये, एक नाय उघडली तर दुसरी."

मापं घ्यायला गावचा टेलर आला. इनासची पाठ वळताच फिलूबाय टेलरला हळूच बोलली, "सगळं जरा सैल धर." त्यानं छाती, मांडी, सगळीकडं दोन-दोन बोटं वाढवली. हे त्यानंच मला मागनं सांगितलं.

मापं कंपनीला गेली, न पॅराशूट शिवून दुबईला पोचलं. तिथल्या उडी शिकवनाऱ्या मास्तरनं पट्टे ओढून बघितले. म्हनाला, "उलटा झालास तर यातून निसटशील. यात उडी नाय."

फिलूबायकडं फोन नव्हता, म्हनून आमच्याच घरी इनासचा फोन आला न तिला बोलावलं. आवाज रडवेला.

फिलूबाय म्हनाली, "इकडं पाठव, मी टाके मारते."

"आये, त्याला घरची सुई चालत नाय गं."

पुढं नोकरी सुटली, सोताच्या पॅराशूटची उडी राहिलीच. त्या दिवशी फोन ठेवून फिलूबाय मला म्हनाली, "मला वाटलं, एवढ्या उंच जातो, पट्टे काचायला नकोत पोराला."