चौऱ्याहत्तरच्या गाडीला इंजेक्शन

नाही नाही नाही, कार्ब्युरेटर वाईट होता असं मी कधी म्हणालोच नाही! उगाच माझ्या तोंडी घालू नका. अहो, सव्वीस वर्षं ज्याला दर पंधरवड्याला पेट्रोलने आंघोळ घातली, त्याला मी वाईट म्हणेन? आणि होतं काय हो त्यात? एक वाटी, वाटीत तरंगणारा एक फ्लोट आणि जेट. जेट म्हणजे तरी काय, मधे सुईएवढं भोक असलेला पितळेचा स्क्रू! त्या भोकात कचरा अडकला की स्क्रू काढायचा, ओठाला लावायचा... एक फुंकर मारली की गाडी चालू! चौऱ्याहत्तर सालची जपानी मोटरसायकल, दोन सिलिंडरची, माझ्या काकाने घेतलेली. आख्ख्या ला पासमध्ये तिच्या आवाजावरून लोक म्हणायचे, फोर्तुनातो तिकोना आला, चहा टाका.

पण आमचा भूगोल! भूगोलाला कोण काय करणार? मी राहतो ला पासला, साडेतीन हजार मीटरवर. सासुरवाडी कोरोइकोला, युंगासच्या गरम दऱ्यांत, सतराशे मीटरवर, तिथे नुसती संत्री आणि डास. आणि मधे काय, तर कुंब्रेची खिंड, साडेचार हजारांच्याही वर! म्हणजे सासूला भेटायचं तर आधी आभाळात चढायचं आणि मग विहिरीत उतरायचं. वर हवा विरळ, खाली हवा दाट, कार्ब्युरेटरला त्यातलं काय कळतंय? तो आपला ओततोय. माझी आई नाही का, पाहुणा एक येवो की दहा, पातेलं तेच! मग वर गेलं की गाडी गुदमरायची, काळा धूर, फट्, फट्, फटाक... आणि बंद. कुठे? बरोबर खिंडीत. जिथे कुत्रीसुद्धा कुडकुडत बसलेली असतात तिथे.

मग हुस्तिना उतरायची. हुस्तिना म्हणजे आमची बायको. पाच घागरे एकावर एक, पाठीवर आईसाठी बांधलेलं गाठोडं, डोक्यावरची गोल हॅट एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने गाडी ढकलायची. मी तोवर जेट काढलेला असायचा. आणि साडेचार हजार मीटरवर फुंकर मारून बघा हो एकदा! छातीत असेल नसेल ती हवा जेटमध्ये जाते आणि माणूसच बंद पडतो. पण तरी तुम्हाला सांगतो, एक फुंकर मारली की गाडी चालू!

गेल्या ऑगस्टात खिंडीत गारा पडल्या. वाटाण्याएवढ्या. हॅटवर ताशा वाजावा तशा वाजत होत्या. मी फुंकतोय, ती ढकलतेय, आणि एकदम ती थांबली. ओरडली नाही, चिडली नाही. हुस्तिना ओरडली तर मला भीती वाटत नाही, ती हळू बोलली की वाटते. म्हणाली, "म्हाताऱ्या, पुढच्या वेळी ही बंद पडली तर मी मिनिबसने जाणार. कायमची."

कायमची! आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? त्यात काय एवढं?! अहो, मागे बसली की ती दोन्ही हात माझ्या जाकिटाच्या खिशात घालते. सव्वीस वर्षं. थंडी असते म्हणून हो, दुसरं काही नाही... पण सासूकडे पोचेपर्यंतचे ते तीन तास, ती माझ्या कानाशी बोलत असते, शेजारणीबद्दल, कोंबड्यांबद्दल, आणि मला वाऱ्यात अर्धं ऐकू येत नाही. घरी आम्ही एवढं कुठे बोलतो? ते तीन तास गेले असते, तर माझ्याकडे राहिलं काय होतं?

म्हणून गेलो लिंबेर्तकडे. लिंबेर्त मेकॅनिक, सांता क्रूझला सात वर्षं काढून आलेला. सांता क्रूझ! जिथे सगळ्यात उंच वस्तू म्हणजे जेवणाचं टेबल, तिथून आलेला माणूस मला उंचीवरचा उपाय सांगणार! खुर्चीत मावत नाही एवढा देह, आणि आवाज कसा, तर मधात बुडवलेला. "काकाऽ, कार्ब्युरेटर विसरा. गाडीला इंजेक्शन बसवू." मी म्हटलं, तिला झालंय काय? तर म्हणे, "काका, हा डबा बघा. हा मेंदू. हा हवेचा दाब मोजतो, धूर हुंगतो, इंजिनचा ताप बघतो आणि मग ठरवतो की पेट्रोल किती उडवायचं." मी विचारलं, कितीदा ठरवतो? "प्रत्येक ठोक्याला, काका!" आमच्या घरात हुस्तिना वर्षातून एकदा ठरवते आणि ते सगळ्यांना पुरतं. पण म्हटलं, बसव बाबा.

तीन आठवडे! तीन आठवडे गाडी त्याच्या शेडमध्ये उघडी पडलेली. टाकीला वेल्डिंग केलं, पंप बसवला, आणि सायलेन्सरला, माझ्या काकाने दर रविवारी घासलेल्या सायलेन्सरला, त्याने ड्रिलने भोक पाडलं! का? तर डब्याचं नाक तिथे बसणार. मी डोळे मिटून घेतले. वायरी किती? मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या. आणि जुनी गाडी, वीज बनवणार ती चिमूटभर, त्यातली निम्मी पंपाने खाल्ली. हेडलाईट लावला की हॉर्नला सर्दी, हॉर्न वाजवला की हेडलाईटला झापड. लिंबेर्त सीटवर कॉम्प्युटर ठेवून टकटक करत बसायचा आणि मी शेजारी पाना घेऊन उभा. पाना कुठे लावायचा? कुठेच नाही! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझी नखं स्वच्छ झाली, लाज वाटायला लागली.

पण खोटं कशाला बोलू, चालू झाली तेव्हा... अर्धी किक. अर्धी! सकाळची सहाची थंडी, चोक नाही, काही नाही. मी एकटाच कुंब्रेला जाऊन आलो. खोकली नाही, गुदमरली नाही, धूर नाही. खिंडीत उभा राहिलो आणि मला रडू आलं, खरंच सांगतो. आता बसेल ती मागे, कायमची बसेल, असं मनात म्हणत खाली आलो. दारात हुस्तिना.

"चालते?"

"चालते!"

"मग कोंपाद्रेला बोलाव."

आता हे तर करावंच लागतं. नवीन वस्तू आली की आधी पाचामामा, आमची धरणीमाय, पिणार, मग आपण. धरणी तहानलेली ठेवून कोण गाडी चालवेल? तेही त्या रस्त्यावर, जिथे वळणावळणाला क्रूस उभे आहेत? आणि पाजायला धर्मबाप लागतो; आम्ही त्याला कोंपाद्रे म्हणतो, तो आम्हाला. आमच्यात केकला धर्मबाप असतो, बँडला असतो, नव्या छपराला असतो, मग इंजेक्शनला का नको? कोंपाद्रे सेवेरो आला. कोट घालून, बिअरचा क्रेट घेऊन, खिशात रंगीत कागदांचे कपटे. माणूस गंभीर. इतका गंभीर की केक कापतानासुद्धा टोपी काढतो. आधी जमिनीवर ओतली, मग पुढच्या चाकावर, मग मागच्या चाकावर, आम्ही टाळ्या वाजवल्या, हँडलला माळा घातल्या. तिथे थांबलं असतं ना, तर आज मी तुमच्यापुढे रडगाणं गात बसलो असतो का?

सेवेरो म्हणाला, "चाकं तर जुनीच आहेत, कोंपाद्रे. नवीन काय आहे?"

मडगार्ड म्हणायला काय झालं होतं? आरसा म्हणायला काय झालं होतं? पण नाही! मला मिरवायचं होतं! मी सीट उचलली, डब्यावरचं झाकण काढलं, मीच, या हाताने, आणि छाती फुगवून म्हणालो, "हा मेंदू."

"मेंदू?" सेवेरोने टोपी काढली. "मग त्याला जास्त लागेल."

मागून लिंबेर्त किंचाळला, "काका, नकोऽऽ!" पण धर्मबापाचा हात कोण धरणार? तो त्याचा अपमान आणि धरणीचाही! अर्धी बाटली गेली हो आत. चर्रर्र... एक छोटासा निळा धूर वर आला, कांदा करपल्यासारखा वास सुटला, आणि सेवेरोचे डोळे भरून आले. "बघा! घेतलं तिने! सगळंच्या सगळं घेतलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, काय करणार?

मग किक. किक, किक, किक. उतारावर ढकलली. फुंकर मारली हो! डब्यात मारली, वायरींत मारली, लिंबेर्त रडत होता तर त्याच्या तोंडावरसुद्धा मारली! पूर्वी एक फुंकर मारली की गाडी चालू... आता मारली तर फेस आला.

लिंबेर्तकडे आणखी एक डबा होता. एकच. बसवताना माझी दोन्ही कानशिलं धरली त्याने. "काका, हा शेवटचा. एक थेंब नाही. बिअर नाही, दारू नाही, तीर्थसुद्धा नाही." मी शपथ घेतली. गाडी पुन्हा अर्ध्या किकला चालू. आणि घरी आलो तर हुस्तिना विचारते, "याला पाजलं का?"

मी म्हटलं, पहिल्याला पाजलं ना!

"तो मेला. मेलेल्याचा बाप्तिस्मा याला कसा चालेल?"

म्हटलं, टायरवर ओतू, दोन बाटल्या ओतू, तीन ओतू!

"टायरना सव्वीस वर्षं पाजतेय. नवीन काय आहे? डबा. डब्याला पाज."

"डबा मरेल, हुस्तिना!"

"न पाजता नेलास तर आपण मरू."

तुम्ही हसाल! तुम्हाला सोपं वाटतं, कारण निकानोर तुमचा मेहुणा नव्हता. निकानोर, हुस्तिनाचा धाकटा भाऊ. नवा ट्रक घेतला, शुक्रवारी पाजू म्हणाला आणि गुरुवारी संत्री आणायला उतरला. संत्री तीन दिवस नदीत तरंगत होती. तेव्हापासून ती न पाजलेल्या सायकलवरसुद्धा बसत नाही. तिला मी अडाणी कसं म्हणू? आणि डब्यावर बिअर कशी ओतू? पाजावं तर गाडी बसते, न पाजावं तर बायको बसत नाही!

मागच्या रविवारी सासूबाईंचा वाढदिवस. हुस्तिनाने मिनिबस धरली. मी मागून गाडीवर. एकटा. पुढे मिनिबसच्या मागच्या काचेत तिची हॅट दिसतेय, आणि माझे दोन्ही खिसे वाऱ्याने फुगलेत. गाडी? अहो, काय सांगू, लोणी! चढ चढतेय की उतार उतरतेय, पत्ता नाही. मी म्हटलं, बघू दे तिला. बघू दे काचेतून. आणि खिंड आली, आणि मिनिबसने आचका दिला... फट्, फट्, फटाक. काळा धूर. बंद!

मिनिबसलाही कार्ब्युरेटरच की! ड्रायव्हर उतरला, बॉनेट उघडलं, जेट काढला आणि गाल फुगवून फुंकतोय. बाकीचे ढकलायला उतरले. आणि हुस्तिना, एका हाताने हॅट धरून, दुसऱ्या हाताने मिनिबस ढकलतेय!

माझ्या मनात उकळ्या फुटल्या, कबूल करतो. गाडी नेली तिच्या शेजारी. गाडी शांत, मांजरासारखी गुरगुरतेय. म्हटलं, "बस मागे. एका तासात आईकडे."

तिने गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. जवळ आली, माझ्या गळ्यातला मफलर वर ओढून नीट बसवला. म्हणाली, "ओठ निळे झालेत तुझे, म्हाताऱ्या. हळू उतर." आणि परत गेली ढकलायला!

मी ओरडलो, "अगं, ती बंद पडलीये आणि ही चालू आहे!"

"ती बंद पडली तरी पाजलेली आहे," ती म्हणाली, हळू आवाजात. "तू इथे बडबड करत उभा राहण्यापेक्षा हात लाव."

मी काय करणार? गाडी स्टँडला लावली. कुंब्रेच्या खिंडीत, जिचं इंजिन ठोक्याठोक्याला विचार करतं अशी गाडी उभी करून मी दुसऱ्याच्या मिनिबसला धक्का मारला. ड्रायव्हरने फुंकर मारली... एक फुंकर मारली की गाडी चालू! तिची! हुस्तिना चढली, खिडकीतून हात हलवला आणि मला धुरात ठेवून गेली.

लिंबेर्त परवा भेटला. खूश होता. "काका, ॲव्हरेज किती देते?" म्हटलं, पूर्वी तीस द्यायची, आता बेचाळीस देते. तर टाळी द्यायला हात पुढे केला, म्हणे, "बघा इंजेक्शनची कमाल!" इंजेक्शनची कसली डोंबलाची कमाल हो! मागे बसतं कोण आता?