खोत्सोची आई

मासेलो : ही डबी तुझ्या उशाखाली सापडली, सूनबाई. म्हणजे मूल होऊ नये म्हणून तूच गोळ्या खातेस, आणि मी इकडे पितरांना दोष देत बसले.

माखोत्सो : तुम्ही माझं अंथरूण उपसलंत, आई?

मासेलो : घोंगड्या उन्हात घालायला काढल्या. आधी उत्तर दे.

माखोत्सो : मूल व्हावं म्हणूनच आहेत त्या. दुसरंही पोटातच गेलं, त्यानंतर दवाखान्यात रक्त काढलं होतं ना? तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझं थायरॉईड जरा सुस्त आहे. गळ्यात असते ती ग्रंथी. आजार म्हणावा तर नाही, नाही म्हणावं तर आहे. काठावर.

मासेलो : तुझ्या गळ्याला काय झालंय? गलगंड माझ्या गळ्याला आहे, आणि मला सेलो झालाच की. गळ्याचा आणि पोटाचा संबंध काय?

माखोत्सो : मीही हेच विचारलं. त्या म्हणाल्या, पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नाही. त्याला लागतं ते आईच्या गळ्यातून जातं. आईकडेच बेताचं असलं तर…

मासेलो : तर?

माखोत्सो : तर कदाचित. तुझी दोन्ही त्यानेच गेली असं मी छातीठोक सांगणार नाही, म्हणाल्या. पण सकाळी उपाशीपोटी एक गोळी घे, वर अर्धा तास काही खाऊपिऊ नकोस, आणि रक्तातला आकडा उतरेपर्यंत दिवस जाऊ देऊ नकोस.

मासेलो : म्हणून सकाळी माझ्या हातचा चहा नको म्हणतेस होय. मला वाटायचं, राग धरलायस.

माखोत्सो : तुमच्यावर कसला राग?

मासेलो : पण गोळ्यांनी मूल यायचं नाही. सेलोचे वडील माझ्या स्वप्नात येतात. खाणीतून आल्यासारखे, अंगभर धूळ. दाराबाहेर उभे राहतात. आत या म्हटलं तरी येत नाहीत. त्यांचं नाव आपण तुझ्या मुलाला देऊन ठेवलंय, आणि त्यांच्या नावाने अजून मेंढी कापलेली नाही. तेच अडवून बसलेत.

माखोत्सो : नाव तुम्ही दिलंत, आई. मला या घरात आणलंत, अंगावर घोंगडी घातलीत, आणि पोटात काही नसताना मला ‘माखोत्सो’, खोत्सोची आई, केलंत. सगळ्याच सुनांचं असं करतात, मला माहीत आहे. पण झऱ्यावर, दुकानात, चर्चमध्ये मला त्याच नावाने हाक मारतात. आणि दारात येणारा जो तो ‘खोत्सो’ म्हणतो. त्यांना म्हणायचं असतं, शांती असो. मला वाटतं, कुणीतरी त्यालाच बाहेरून हाक मारतंय, आणि घरात ओ द्यायला कुणी नाही.

मासेलो : हे तू कधी बोलली नाहीस.

माखोत्सो : कापा मेंढी. मी अडवत नाही. पण माझ्या गोळ्या द्या.

मासेलो : आणि सेलोला सांगितलंस का, थांब म्हणून?

माखोत्सो : फोनवर सांगितलं होतं. हो म्हणाला. मग काकांच्या मातीला कामावरून घरी आला. आल्यापासून रडत होता. मला नाही म्हणवलं नाही.

मासेलो : म्हणजे तू…

माखोत्सो : तोंडाने म्हणू नका, आई. पाळी चुकलीय. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, चुकली की लगेच ये, गोळी वाढवावी लागेल. मी रोज उठते, आज जायचं म्हणते, आणि चूल पेटवत बसते. मी गेले, त्या ‘आहे’ म्हणाल्या, की त्याला जायला वाट मोकळी झाली, असं वाटतं.

मासेलो : ऊठ. घोंगडी घे. मी येते बरोबर.

माखोत्सो : तुमचे गुडघे?

मासेलो : गुडघ्यात नाही वाढवायचंय त्याला. आणि बाळ घरात येईपर्यंत मी तुला त्या नावाने हाक मारणार नाही. माहेरी काय म्हणायचे तुला?

माखोत्सो : सेइपाती.

मासेलो : चल, सेइपाती.

(दवाखान्यातून परतताना, खिंडीत.)

मासेलो : थांब, दम लागला. काय म्हणाल्या ते पुन्हा सांग.

माखोत्सो : आहे म्हणाल्या. आकडा उतरलाय, पण हवा तितका नाही. गोळी आजपासून वाढवली. लोहाची गोळी दिलीय, ती मात्र हिच्याबरोबर घ्यायची नाही, रात्री घ्यायची. आणि दर महिन्याला रक्त.

मासेलो : जगेल का?

माखोत्सो : आशा चांगली आहे म्हणाल्या. वचन दिलं नाही… आई, एक विचारू? सिस्टरने तुमचा गळा चाचपला, मुलं किती विचारलं, तेव्हा तुम्ही चार म्हणालात.

मासेलो : ऐकलंस होय.

माखोत्सो : सेलो तर एकुलता एक.

मासेलो : सेलो चौथा. आधीची तीन रडलीच नाहीत. घरामागे कोरफडीच्या कुंपणापाशी पुरली. सासरे म्हणाले, यांची नावं काढायची नाहीत. नावं ठेवली होती कुठे? चौथा रडत आला, तेव्हा त्याचं नाव ठेवलं सेलो. विलाप. त्याला वाटतं, आजोबा गेले म्हणून ठेवलं.

माखोत्सो : मलाही तो तसंच सांगतो.

मासेलो : सिस्टरने विचारलं, गळा कधीपासून सुजलाय? मी म्हटलं, पहिल्याच्याही आधीपासून. तर तिने माझंही रक्त काढलं. मी इतकी वर्षं माझं पाप शोधतेय. झोपेत शोधते, चर्चमध्ये शोधते. आणि ते इथे असेल, रुमालाखाली?

माखोत्सो : कदाचित, आई.

मासेलो : हो. कदाचित.

(बाळ झाल्यावर, एका सकाळी.)

माखोत्सो : झोपला का खोत्सो?

मासेलो : आत्ताच. काल सेलो काय म्हणाला फोनवर?

माखोत्सो : काही नाही. याचं रडणं ऐकत बसला. मी गप्प करायला गेले तर म्हणाला, रडू दे अजून थोडा.

मासेलो : गोळी घेतलीस?

माखोत्सो : घेतली. आता पुन्हा पूर्वीइतकीच केलीय. तुम्ही?

मासेलो : घेतली. चहाला थांबलेय.

माखोत्सो : मागे कुंपणापाशी आंबिलीच्या वाट्या कुणी ठेवल्यात?

मासेलो : मी.

माखोत्सो : मेंढी तर केव्हाच कापली. मामंजीही आता स्वप्नात येत नाहीत म्हणालात.

मासेलो : नाही येत. ते निजले. पण याचं रडणं सुरू झाल्यापासून पहाटे कुंपणाकडून आवाज येतो. तू भिऊ नकोस.

माखोत्सो : मलाही येतो, आई. मला वाटलं, वारा.

मासेलो : वारा असेल. पण याला तुझं दूध आहे, सूनबाई. त्या तिघांना भूक लागली का, हे कधी कुणी विचारलंच नाही.